वेळापत्रकातली चांदणी

"मामा, घर मिळालं! थेट बस आहे, अठ्ठावीस मिनिटं. उद्या डिपॉझिट भरते."

भाचीचा हा फोन आला तेव्हा तिचं विद्यापीठ सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. मी बसची वेळापत्रकं बसवणारा माणूस, निम्मी हयात त्यातच गेली. कुठली बस, कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत, हे तीन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघायला हवे होते. निघाले नाहीत. "थेट बस" एवढं ऐकूनच मी विरघळलो आणि म्हणालो, "मग भरून टाक." दुसऱ्या दिवशी डिपॉझिट भरलं गेलं नाही, याचं कारण आमची हुशारी नव्हे. घरमालक दोन दिवस बाहेरगावी गेला होता, एवढंच. त्या दोन दिवसांत जे कळलं त्यामुळे घर बदललं.

पुढे भाड्याचे आकडे येतील ते कुठल्याही चलनातले नाहीत. विद्यापीठाच्या दाराशी एकट्याने राहण्याच्या साध्या खोलीचं महिन्याचं भाडं १०० धरलं आहे आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात दिलं आहे. आम्हीही हिशेब असाच मांडत होतो. खऱ्या रकमा पाहिल्या की दर वेळी पोटात गोळा यायचा आणि डोकं चालेनासं व्हायचं.

मागणी काय होती

तिचं विद्यावेतन या मापात १७०. त्यातून घर आणि प्रवास मिळून ७० च्या वर जायचं नाही, ही तिने स्वतःच आखलेली रेषा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, विषय प्रयोगशाळेचा. नव्या विद्यार्थ्यांना यंत्रं मिळतात ती संध्याकाळी, कारण दिवसा वरिष्ठांचे प्रयोग लागलेले असतात. म्हणजे आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅबमध्ये रात्रीचे दहा वाजणार, हे तिला प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. शिवाय सुट्टी लागली म्हणून लॅब बंद होत नाही.

या दोन गोष्टी आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. घरं पाहताना मात्र डोळ्यासमोर एकच चित्र होतं: सकाळी साडेआठला ती दप्तर घेऊन निघते आणि नऊच्या तासाला पोहोचते. परत येतानाचं चित्र कुणी रंगवलंच नव्हतं. माझा अनुभव असा आहे की घर शोधणारा जाण्याचा विचार करून घर घेतो आणि पुढे वर्षभर येण्याच्या त्रासाबद्दल बोलतो.

चार घरं

आठवडाभर चाळण लावल्यावर चार घरं उरली.

पहिलं विद्यापीठाला खेटून. तीन खोल्या, तीन विद्यार्थी, प्रत्येकी ६२. पास नको, टॅक्सी नको, चालत सात मिनिटं. एकूण खर्चात हेच सगळ्यात स्वस्त, आणि मी याच घराच्या बाजूने बोलत होतो. तिने नकार दिला तो खोलीमुळे नव्हे, करारामुळे. तिघांचा मिळून एकच करार होता आणि त्यात एक ओळ होती: पूर्ण भाड्यासाठी तिघेही एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार. सरळ भाषेत, एक जण मध्येच निघून गेला तर मालक त्याच्या मागे धावत बसणार नाही, उरलेल्यांकडून वसूल करील. एकूण भाडं १८६. तिघांत ६२, दोघांत ९३. बाकीच्या दोघांना ती ओळखत नव्हती आणि त्यांच्यातल्या एकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांतच संपणार होता. अशी ओळ असलेला करार वाईटच असतो असं नाही. जिवाभावाच्या मैत्रिणींबरोबर तिने त्यावर डोळे मिटून सही केली असती.

दुसरं म्हणजे फोनवरचं बसचं घर. भाडं ४८, बसचा पास ९. थांबा दारातून तीन मिनिटांवर, अठ्ठावीस मिनिटांचा प्रवास, उतरल्यावर दोन मिनिटं. दारातून दारापर्यंत ३३. सकाळ-संध्याकाळी दर वीस मिनिटांनी गाडी, रात्री आठनंतर तासाला एक, विद्यापीठातून शेवटची ९:४० ला.

तिसरं खूप लांब. भाडं फक्त ३८, पण पास १४ चा, दोन ठिकाणी बदली आणि सव्वा तास. दहाला निघालं तर शेवटच्या टप्प्याची गाडी चुकलेलीच. अशा रात्री टॅक्सीला एका वेळी ३, महिन्यात आठ वेळा २४. झाले ७६. ज्या घराचं भाडं सगळ्यात कमी तेच सगळ्यात महाग पडत होतं. त्याचा नाद तिथेच सोडला.

चौथं रेल्वेच्या कडेचं. भाडं ५४ सांगितलेलं, पास ११. सुरुवातीला ते यादीत शेवटी होतं, कारण नकाशा पन्नास मिनिटं दाखवत होता. ३३ समोर असताना ५० कोण घेतो?

पाचवंही एक होतं म्हणा. फोटो झकास, भाडं ३०, मालक परदेशात, "आधी पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल." हा जुना सापळा आहे. घर आणि चावी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत हे तिला माहीत होतं, त्यामुळे त्यावर दोन मिनिटंही गेली नाहीत.

थांब्यावरची ५२ मिनिटं

घरमालक गावाहून परतायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ती पुन्हा त्या भागात गेली. म्हणाली, नुसतं फिरून येते, आजूबाजूला काय आहे ते बघते. पहिल्या वेळी ती दुसऱ्या बसने आणि मग रेल्वेने गेली होती, कारण मालकाने तोच रस्ता सांगितला होता. तेव्हा आम्हाला त्यात काही खटकलं नाही. आता मात्र तिला थेट बसने विद्यापीठाच्या दारापर्यंत जाऊन पाहायचं होतं. थांब्यावर पोहोचली तेव्हा ६:५० झाले होते.

सात वाजले. सव्वासात झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या दोन गाड्या येऊन गेल्या. बाकावर एक वृद्ध बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठली गाडी हवी गं तुला?" हिने क्रमांक सांगितला. "अगं, ती विद्यापीठाची गाडी. विद्यापीठ उघडलं की येते. आता कशाला येईल?"

मग तिने थांब्यावरचा कागद नीट वाचला. ऊन खाऊन पिवळा पडलेला, प्लॅस्टिकच्या आत पाणी शिरून एक कोपरा फुगलेला. त्या क्रमांकाच्या शेजारी एक बारीकशी चांदणी. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या चांदणीचा अर्थ: फक्त सत्र चालू असताना. तिने फोटो काढला आणि मला पाठवला. खाली एकच शब्द होता, "मामा?" वेळ ७:४२.

लाज वाटली, कारण अशा चांदण्या मी स्वतः लावल्या आहेत. शाळा-कॉलेजांसाठी सुरू केलेल्या फेऱ्या सुट्टीत रिकाम्या धावतात, मग चालक आणि गाडी दुसरीकडे वळवायची आणि कागदावर चांदणी टाकायची. टेबलावरून पाहिलं तर हे अगदी शहाणपणाचं काम. त्या चांदणीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं असतं, हे टेबलावरून दिसत नाही.

नकाशाने खोटं सांगितलं होतं का? मुळीच नाही. फोनवरच्या नकाशात बस-रेल्वेच्या वेळा येतात त्या वाहतूक संस्थांनी एका ठरलेल्या साच्यात दिलेल्या माहितीतून. हा साचा २००५ मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांनी मिळून तयार केला, आणि आज तो जगभर चालतो. त्यात फेऱ्यांच्या वेळांइतकीच कुठली फेरी कुठल्या तारखांना धावते याचीही नोंद असते. म्हणजे आमची चांदणी त्यात होतीच. पण आम्ही विचारलं होतं सत्राच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेआठबद्दल, आणि त्या मंगळवारी ती बस खरोखरच २८ मिनिटांत पोहोचणार होती. आम्ही एका दिवसाचा प्रश्न विचारला आणि वर्षाचं उत्तर मिळालं असं समजून बसलो.

त्या रात्री नव्याने हिशेब मांडला. लॅबच्या दिवशी दहाला सुटायचं आणि शेवटची बस ९:४० ला. म्हणजे महिन्यात आठ टॅक्सी, प्रत्येकी १.५, एकूण १२. ४८, ९ आणि १२ मिळून ६९. इथवर घर रेषेच्या आत होतं. मग विद्यापीठाची दिनदर्शिका उघडली. वर्षातले २० आठवडे सत्राबाहेरचे. त्या काळात दुसरी बस आणि रेल्वे, ६५ मिनिटं, आणि रेल्वेच्या पासाचे महिन्याला वेगळे ५. वर्षाला साधारण २३, म्हणजे महिन्याला जवळजवळ २. झाले ७१. चांदणीने रेषा ओलांडली.

इथे एक जुना नियमही आडवा आला होता. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत भाडं असावं, हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या मागे काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० झाली, आणि तोच आकडा पुढे सगळ्यांच्या तोंडी बसला. १७० चे ३० टक्के म्हणजे ५१. त्या कसोटीवर ४८ चं बसचं घर उत्तीर्ण, रेल्वेचं घर नापास. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००६ पासून वेगळी मोजपट्टी वापरायला सुरुवात केली: घर आणि प्रवास एकत्र धरायचे, दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत. भाड्याचा आणि प्रवासाचा खिसा एकच असतो, हे त्यांनी आकड्यांत बसवलं. आमच्या प्रकरणात निकाल उलटा फिरला तो असं दोन्ही एकत्र धरल्यामुळे.

आणि वेळ? ३३ मिनिटं हा आकडाही फसवाच होता, कारण त्यात थांब्यावरचं उभं राहणं नव्हतं. दर वीस मिनिटांनी गाडी असेल आणि आपण वेळ न बघता गेलो तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं, हे कुणीही सांगेल. पण ते गाड्या काट्यावर आल्या तरच. प्रत्यक्षात एक गाडी रखडते, तिच्या वाटचे प्रवासी वाढतात, म्हणून ती आणखी रखडते आणि मागची तिला येऊन गाठते. समजा, दोन गाड्या पाच मिनिटांच्या अंतराने आल्या आणि पुढची पस्तीस मिनिटांनी. सरासरी अंतर अजूनही वीसच, कागदावर सगळं ठीक. पण आपण थांब्यावर जाऊ ती वेळ त्या पस्तीसच्या खिंडीत सापडण्याची शक्यता आठात सात. सरासरी थांबणं दहा नव्हे, १५.६ मिनिटं होतं. आपल्याच नशिबी नेहमी उशिराची बस का, या तक्रारीमागे हे साधं गणित आहे. शिवाय थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या एका मिनिटासारखं जात नाही. वाहतुकीचं नियोजन करणारे ते साधारण दुप्पट धरतात. त्या ५२ मिनिटांनंतर भाचीने याचा पुरावा मागितला नाही.

विद्यापीठाच्या पलीकडे

सोमवारी तिने रेल्वेचं घर यादीत वर घेतलं आणि मी सुट्टी काढून दोन दिवसांसाठी गेलो.

मला त्या घराचं आधी एकच कोडं पडलं होतं: दर दहा मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावर भाडं इतकं कमी कसं? उत्तर नकाशावर बोट ठेवल्यावर सापडलं. हे विद्यापीठ शहराच्या मध्यात नाही, काठावर आहे. आणि हे घर विद्यापीठाच्याही पलीकडे, शहराकडे पाठ करून. शहर-नियोजनाचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये जमिनीच्या किमतीचं जे गणित मांडलं त्याचा गाभा असा की माणूस केंद्राजवळच्या जागेसाठी जास्त मोजतो, कारण तो प्रवासाचा खर्च वाचवत असतो. जसजसं लांब जावं तसतसं भाडं उतरतं. पण ते उतरतं शहराच्या केंद्रापासून. हिला केंद्रात जायचंच नव्हतं. केंद्रापासूनच्या अंतराची सूट हिच्या पदरात पडत होती आणि त्या अंतराचा त्रास हिला होणार नव्हता. आम्ही आठवडाभर शहर आणि विद्यापीठ यांच्या मधला पट्टा उकरत बसलो होतो, जिथे दोन्हीकडची गर्दी भाडं वर ढकलते.

यातून आणखी एक गोष्ट फुकट मिळाली. सकाळी सगळं जग शहराकडे जातं. ही गाडीत बसणार त्या जागेपासून विद्यापीठापर्यंत गाडी अजून भरलेली नसते, खरी गर्दी विद्यापीठाच्या पुढच्या स्थानकांवर चढते. संध्याकाळी याच्या उलट: शहरातून भरून आलेली गाडी विद्यापीठाच्या स्थानकापर्यंत बरीच रिकामी झालेली असते. म्हणजे गाडीतली बावीस मिनिटं बसायला जागा. आम्ही मंगळवारी सकाळी ८:१० च्या गाडीने जाऊन खात्री केली. तिने पुस्तक उघडलं आणि नऊ पानं वाचली. मी मोजली.

पण जाहिरातीतलं "स्थानक सात मिनिटांवर" हे काही खरं नव्हतं. सरळ रेषेत ५६० मीटर, मिनिटाला ८० मीटर या चालीने बरोबर सात मिनिटं. तेवढी सरळ रेषा कावळ्याच्या कामाची. स्थानकाचं दार रुळांच्या पलीकडच्या बाजूला, मधे भुयारी वाट, आणि तिथवर जायला रुळांच्या कडेने उलटं चालायचं. आम्ही दोघं घड्याळ लावून चाललो. चौदा. नियोजनकार रेल्वेसाठी साधारण ८०० मीटर चालणं गृहीत धरतात. हे ११०० च्या वर गेलं.

रात्री सव्वादहाला परत तीच वाट चालून पाहिली. भुयारात चार दिवे, त्यातला एक लुकलुकत होता. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग ओलसर, पायऱ्या मात्र रुंद आणि स्वच्छ. मधोमध पोहोचल्यावर ती थांबली, मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं. दोन्ही तोंडं दिसत होती. म्हणाली, "वळण नाही. चालेल." मी दिवे मोजत होतो, ती वळणं पाहत होती. एकट्याने चालणाऱ्या मुलीची नजर माझ्याकडे नाही हे मला त्या भुयारात कळलं, आणि त्यानंतर त्या वाटेबद्दल मी मत दिलं नाही.

परतल्यावर तिने एक नकाशा काढला: विद्यापीठापासून पन्नास मिनिटांत कुठवर पोहोचता येतं, आणि तोही रात्री दहाला निघून. असे समान वेळेचे नकाशे नवे नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येतं याचा रंगीत नकाशा काढला होता, दहा दिवसांच्या टप्प्यांनी. त्यातही रंग गोल पसरले नव्हते, ते आगबोटींच्या आणि रेल्वेच्या मागोमाग गेले होते. हिचा सकाळचा नकाशा फुगलेल्या पुरीसारखा होता. रात्री दहाचा काढला तर नुसते दोन लांबट बोटांसारखे पट्टे राहिले, रेल्वेच्या दोन दिशांना. बसचं घर त्यात नव्हतंच.

पास ११ मध्ये बसत होता तोही एका स्थानकाने. रेल्वेच्या तिकीट-विभागाची सीमा याच स्थानकावर होती. पुढच्या स्थानकापासून पास १४ चा, आणि तिथली घरं भाड्याने जेमतेम दोनने स्वस्त. पुढच्या स्थानकाजवळची दोन घरं एजंट मोठ्या हौसेने दाखवत होता, "तेवढंच पाच मिनिटं जास्त." पाच मिनिटं आणि पासाचे तीन.

करार

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, बोलायला मोकळ्या. खोली पाच आठवडे रिकामी होती हे त्यांनीच सांगितलं. भाची माझ्याशी न बोलता थेट म्हणाली, "काकू, ५२ ला द्याल तर या शनिवारीच येते." हिशेब साधा होता. खोली आणखी एक महिना रिकामी राहिली तर त्यांचे ५४ बुडणार. दोनची सूट दिली तर वर्षाला २४. त्यांनी हसून मान डोलावली.

भाड्यापेक्षा जास्त वेळ गेला तो एका कलमावर. मूळ मसुद्यात वर्षाच्या आत सोडता येत नव्हतं. तिने मागितलं: सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची सूचना देऊन सोडायची मुभा. कारण सांगितलं, वेळापत्रक. मालकिणींना ते विचित्र वाटलं. "गाड्या काही पळून जात नाहीत गं." यावर मात्र मी तोंड उघडलं आणि नोकरीतले दोन-तीन किस्से सांगितले. मार्ग बदलतात, रात्रीच्या फेऱ्या कापल्या जातात, आणि भाडेकरार मात्र तसाच चालू राहतो. कलम घातलं गेलं. वीज कुणाची, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घेतलं. सुट्टीत खोली दुसऱ्याला द्यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. चावी घेताना प्रत्येक भिंतीचे, नळाखालच्या डागाचे आणि खिडकीच्या एका सैल बिजागरीचे फोटो काढून मालकिणींना त्याच दिवशी पाठवले.

एकूण: भाडं ५२, पास ११, महिन्यात एक टॅक्सी २. बेरीज ६५.

वर्षानंतर

विद्यापीठातून परतीची शेवटची गाडी १२:०५ ला असल्यामुळे लॅबचे दहा वाजणं ही बातमी राहिली नाही. वर्षात टॅक्सी झाल्या तेरा. त्यातल्या सहा रुळांच्या दुरुस्तीच्या शनिवार-रविवारच्या, जेव्हा गाड्यांऐवजी बदली बस सोडल्या होत्या आणि त्या पन्नास मिनिटांचे दीड तास करत होत्या. चौदा मिनिटांची चाल तिला दोन महिन्यांत नकोशी झाली. तिने जुनी सायकल घेतली आणि ती पाच मिनिटांवर आणली.

जे आम्ही धरलंच नव्हतं ते वेगळं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये, वाहतुकीचे अभ्यासक याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाच्या आधारावर, असं मांडलं की माणसं सरासरीने दिवसाला तासभरच प्रवासात घालवतात, वाहनं कितीही वेगवान झाली तरी. सरासरी समूहाची असते, एका माणसाला ती बांधून ठेवत नाही, हे खरं. तरी तासाच्या बराच वर गेलेला हिचा रोजचा आकडा तिच्या दिवसाला कुठेतरी ओढत होताच. एकदा घरी आली की ती परत विद्यापीठात जात नसे. रविवारी मित्रमंडळी विद्यापीठाजवळ जमली की पहिल्या दोन महिन्यांत ती जायची, मग बोलावणीच कमी झाली. ६२ च्या घरात राहिली असती तर हे झालं नसतं. ते तिघांचं घर पुढे मोडलं का, एक जण सोडून गेला का, हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे तो नकार बरोबर होता असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. सहीच्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर तो योग्य होता, इतकंच.

आता नव्या वर्षासाठी मालकिणींनी ५५ सांगितले आहेत. ५५, ११, २: बेरीज ६८, अजून रेषेच्या आत. पण गेल्या महिन्यात त्या थेट बसची शेवटची फेरी रात्री १०:४० पर्यंत वाढल्याची सूचना लागली आहे. म्हणजे आठ टॅक्सींचे १२ जवळजवळ पुसले गेले. बसच्या घराच्याच गल्लीत एक खोली ५० ला रिकामी आहे, आणि ३३ मिनिटं अजून ३३ च आहेत.

तिने मला फोन करून विचारलं, नव्या वेळापत्रकात चांदणी आहे का? मी म्हटलं, संकेतस्थळावर बघून सांगतो. म्हणाली, नको, या रविवारी संध्याकाळी मीच थांब्यावर जाऊन बसते.